कॉपीराइटचे रक्षण बंदरावर: शुल्क किती, खर्च किती?

रायगड जिल्ह्याच्या एका टोकाला उरणजवळ न्हावा-शेवा आहे आणि दुसऱ्या टोकाला, म्हसळ्याच्या शेजारी, राजपुरी खाडीच्या मुखावर दिघी. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ मध्ये तिथून वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनरांची ये-जा झाली. दिघी बंदर अजून प्रामुख्याने सुट्या मालाचे आहे. २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले आणि माणगावहून म्हसळामार्गे जाणाऱ्या रस्त्याचे महत्त्व वाढले. परदेशी माल येण्याच्या देशातल्या सर्वांत मोठ्या दारांपैकी एक आणि उद्या मोठे होऊ पाहणारे दार, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत.

या दारांतून येणाऱ्या मालात चोरीच्या प्रतीही असतात. कुणाची चित्रे दप्तरांवर आणि खेळण्यांवर छापलेली, कुणाचे पुस्तक परवानगीशिवाय छापून आणलेले. मूळ मालकाला असा माल बंदरावरच अडवायचा असेल, तर कायदा त्याला कस्टमला आगाऊ नोटीस देण्याचा हक्क देतो. या नोटिशीला सरकारी शुल्क आहे. ते किती, कशासाठी, त्यामागे आणखी किती खर्च दडलेला आहे आणि म्हसळ्यासारख्या तालुक्यात बसून चित्रे काढणाऱ्या किंवा पुस्तके लिहिणाऱ्या माणसाला तो झेपतो का, हे इथे तपासायचे आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. शुल्क कुणालाही परवडेल असे आहे, पण त्यानंतर मागितली जाणारी हमी लहान माणसाला परवडत नाही. दुरुस्ती हवी ती तिथे.

निबंधकाकडून कस्टमकडे

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५३ व्या कलमात आयातबंदीची तरतूद पहिल्यापासून होती, पण अर्ज कस्टमकडे करायचा नव्हता, कॉपीराइट निबंधकाकडे करायचा होता. निबंधक चौकशी करी, गरज पडल्यास जहाजावर किंवा गोदीत जाऊन मालाची तपासणी करी आणि मग आयातबंदीचा आदेश देई. त्या जुन्या कलमात एक गोष्ट फार चांगली होती. जप्त झालेल्या प्रती सरकारजमा होत नसत, त्या कॉपीराइटच्या मालकाला मिळत.

हे कलम देशभर गाजले ते कॅसेटच्या एका खटल्यामुळे. सिंगापूरहून गाण्यांच्या कॅसेट जहाजाने कोलकात्याला आल्या होत्या आणि तिथून पुढे नेपाळला जायच्या होत्या. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने निबंधकाकडे धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माल भारतात विकायचाच नाही, नुसता इथून पुढे जायचा आहे, तर त्याला आयात म्हणायचे का, हा वादाचा मुद्दा होता. १९८४ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला की बाहेरून भारताच्या हद्दीत माल आणणे म्हणजे आयात, मग तो पुढे कुठेही जावो.

त्यानंतर १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार लागू झाला. सदस्य देशांनी नकली ट्रेडमार्कचा आणि चोरीच्या कॉपीराइटचा माल सीमेवर अडवण्याची व्यवस्था उभारलीच पाहिजे, असे त्याचे ५१ ते ६० हे अनुच्छेद सांगतात. त्यातले एक वाक्य या विषयाचा कणा आहे. ५३ व्या अनुच्छेदानुसार तक्रारदाराकडून तारण घेता येते, पण त्या तारणाच्या ओझ्याने तक्रारदार अवाजवीपणे मागे हटता कामा नये. पुढचा सगळा हिशोब या कसोटीवर घासून पाहायचा आहे.

दोन हजार रुपयांची नोटीस

भारताने ही व्यवस्था उभारली ८ मे २००७ च्या अधिसूचनेने. बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७ असे तिचे नाव. तिला आधार सीमाशुल्क कायदा १९६२ च्या ११ व्या कलमाचा. कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन आणि भौगोलिक निर्देशांक या सगळ्यांसाठी ही एकच वाट आहे.

हक्कधारकाने सीमाशुल्क आयुक्तांना लेखी नोटीस द्यायची. सोबत हक्काचा पुरावा, मालाचे वर्णन, कस्टम टॅरिफमधला त्याचा क्रमांक, माल कुठल्या बंदरात येण्याची शक्यता आहे ती माहिती, आणि अस्सल व नकली यांतला फरक ओळखायच्या खुणा. या खुणांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. शेडमध्ये कंटेनर उघडून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला वेळ थोडा असतो. चित्रकाराची सही कुठल्या कोपऱ्यात आहे, मूळ छपाईत कुठला रंग आहे आणि नकलेत तो कसा फिकट पडतो, हे नेमके लिहिले असेल तरच माल थांबतो. ‘आमच्या चित्राची नक्कल’ एवढेच लिहिले तर नोटीस फायलीत पडून राहते.

नोटिशीला २,००० रुपये शुल्क भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सगळे कागद पूर्ण असतील तर नोटीस नोंदवली की फेटाळली, हे ३० कामकाजी दिवसांत कळवण्याचे बंधन आयुक्तांवर आहे. नोंद किमान वर्षभर टिकते. ती झाली की तसला माल निषिद्ध समजला जातो. पुढे संशयित माल आला की कस्टम त्याची सुटका थांबवते आणि आयातदाराला व हक्कधारकाला कळवते. हक्कधारकाने १० कामकाजी दिवसांत कारवाईत सामील व्हायचे, योग्य कारण दिल्यास आणखी १० दिवस मिळतात. नाशवंत मालासाठी मुदत ३ दिवसांची आहे आणि ती आणखी ४ दिवस वाढू शकते.

कॉपीराइटची नोंदणी झालेली नसली तरी हक्क असतोच. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मार्च २०२१ मध्ये संजय सोया कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केले. खाद्यतेलाच्या वेष्टनावरच्या चित्राची नक्कल हा त्यातला वाद होता. दावा लावायला नोंदणीची सक्ती नाही, असे न्यायालयाने सांगितले. तरी कस्टमच्या टेबलावर प्रमाणपत्र असले की काम सोपे होते. साहित्यकृतीच्या नोंदणीला ५०० रुपये लागतात, मालावर वापरायच्या चित्राला २,००० आणि चित्रपटाला ५,०००.

बाराशे रुपयांची दुसरी वाट

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५३ वे कलम नव्याने लिहिले गेले. निबंधक बाजूला झाला आणि नोटीस थेट सीमाशुल्क आयुक्तांकडे आली. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनी तिला प्रत्येक कृतीमागे १,२०० रुपये शुल्क ठरवले. म्हणजे एकाच कामासाठी एकाच खात्याकडे जाणाऱ्या दोन वाटा झाल्या, दोन्हींचे दर वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

या दुसऱ्या वाटेने गेल्यास नोटीस जास्तीत जास्त एक वर्षाची असते. माल अडवल्यावर ४८ तासांत दोन्ही पक्षांना कळवावे लागते. माल अडवल्यापासून १४ दिवसांत हक्कधारकाने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर माल सोडून द्यावा लागतो. २००७ च्या नियमांत कस्टम स्वतःच पुरावे तपासून निर्णय देऊ शकते, इथे मात्र कोर्टाची पायरी चढावीच लागते. हक्कधारकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात दावा लावता येतो, ही ६२ व्या कलमाची सोय मोलाची आहे. म्हसळ्याच्या माणसाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. पण १४ दिवसांत वकील शोधून, कागद जमवून अंतरिम आदेश मिळवणे ज्याने एकदा केले आहे त्यालाच ठाऊक.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक बदल केला. देशातून नुसता पुढे जाणारा माल कलमातून वगळला. १९८४ च्या निकालाने मालकाला मिळालेले संरक्षण संसदेने अशा रीतीने काढून घेतले. शेजारी भूवेष्टित देशांचा व्यापार अडू नये हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, तरी कॉपीराइटवाल्यांसाठी ती माघार होती.

व्यवहारात बहुतेक हक्कधारक २००७ च्या नियमांची वाट धरतात, कारण एका नोंदीत अनेक बंदरे येतात आणि कोर्टाची सक्ती नाही. १,२०० आणि २,००० मधला फरक कुणाच्या निर्णयाला कारण होत नाही. वाट निवडली जाते ती पुढच्या खर्चाकडे बघून.

हिशोब मांडून पाहू

समजा, म्हसळ्यातल्या एका चित्रकर्तीने मुलांसाठी कोकणातल्या पक्ष्यांची चित्रमालिका काढली. ती गाजली, आणि कुणीतरी तीच चित्रे परदेशात कंपासपेट्यांवर छापून घेतली. तिने २,००० रुपये भरून नोटीस नोंदवली. काही महिन्यांनी न्हावा-शेव्याहून निरोप आला की दहा लाख रुपये किमतीचा माल अडवला आहे.

इथून पुढे नियम सांगतात की तीन दिवसांत त्या खेपेसाठी बाँड करून द्या. बाँडची रक्कम मालाच्या किमतीच्या ११० टक्के, म्हणजे ११ लाख. त्याच्या २५ टक्के तारण, म्हणजे २ लाख ७५ हजार रुपये किंवा तेवढी बँक गॅरंटी. शिवाय हमीपत्र वेगळे. माल नकली ठरला नाही तर आयातदाराची भरपाई, आणि नकली ठरला तरी तो नष्ट होईपर्यंतचे डेमरेज आणि अटकावणुकीचे पैसे तिच्याच माथी. कंटेनर जितके दिवस उभा, तितके भाडे चढत जाते. नकली माल नष्ट करण्याचा खर्चही हक्कधारकानेच सोसायचा. पूर्वी जप्त प्रती मालकाला मिळत, आता त्या जाळण्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो.

म्हणजे सरकारी शुल्क २,००० आणि तीन दिवसांत उभी करायची रक्कम त्याच्या शंभरपटीहून अधिक. मोठ्या कंपनीकडे यासाठी कायम बाँड असतो, विधी विभाग असतो, बंदरावर कस्टम ब्रोकर असतो. चित्रकर्तीकडे यातले काही नसते. तीन दिवस संपतात आणि माल सुटतो.

हीच कंपासपेटी म्हसळ्याच्या बाजारात विकताना सापडली, तर ती पोलिसांत तक्रार देऊ शकते आणि त्यासाठी तिला एक रुपयाही शुल्क किंवा तारण द्यावे लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाखांचा दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. कंटेनरमध्ये एकत्र असलेला माल एका फटक्यात अडवणे महाग, आणि तोच माल हजार दुकानांत पांगल्यावर तक्रार करणे फुकट, अशी ही उलटी रचना आहे.

हमी कशासाठी आली

तारणाची अट निष्कारण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नोटीस हे दुधारी हत्यार आहे. २००९ च्या सुमारास मदुराईच्या एका व्यक्तीने मोबाइलमध्ये एकाहून अधिक सिमकार्ड वापरण्याच्या तंत्राचे पेटंट दाखवून कस्टमकडे नोंद केली आणि दुहेरी सिमच्या फोनची आयात अडू लागली. पुढे ते पेटंटच रद्द झाले. अशा प्रकरणांतून न्यायालयांना आणि खात्याला कळून चुकले की पेटंटचे उल्लंघन बंदरावरच्या शेडमध्ये ठरवता येत नाही. जून २०१८ मध्ये पेटंट या नियमांतून वगळले गेले.

खोट्या नोटिशीने प्रामाणिक आयातदाराचे दिवाळे निघू शकते, म्हणून हमी हवी. पण कॉपीराइटची गोष्ट वेगळी आहे. मूळ चित्र आणि त्याची नक्कल शेजारी ठेवली की बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. खुद्द कस्टम बोर्डाच्या ऑक्टोबर २००७ च्या परिपत्रकात कॉपीराइट व ट्रेडमार्क एका बाजूला आणि पेटंट, डिझाइन, भौगोलिक निर्देशांक दुसऱ्या बाजूला असा भेद केलेला आहे. दुसऱ्या गटात आधी न्यायालयाचा निर्णय असावा, अशी अपेक्षा होती. धोका इतका वेगळा असेल, तर हमीचा दरही वेगळा असायला हवा.

बॅगेतला माल

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस आखातात कामाला आहे. या घरांच्या दृष्टीने कस्टम म्हणजे विमानतळावरची बॅग. अशा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की स्वतःच्या वापरासाठी बॅगेतून आणलेल्या किंवा छोट्या पार्सलने आलेल्या, व्यापारी नसलेल्या मालाला हे नियम लागू होत नाहीत. ट्रिप्स करारातही अशी सूट द्यायला मुभा आहे. भावाने दुबईहून मुलांसाठी आणलेले एक खेळणे या नोटिशीखाली जप्त होणार नाही. त्याच खेळण्याचे शंभर डबे मात्र स्वतःच्या वापराचे ठरत नाहीत.

अस्सल माल आणला तरी कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, हे फार जणांना ठाऊक नसते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वॉर्नर ब्रदर्सच्या खटल्यात परदेशातून आणलेल्या अस्सल डीव्हीडी इथे भाड्याने देण्याला मनाई केली, कारण भारतातले हक्क वेगळे होते. परदेशी आवृत्तीची पुस्तके मोकळेपणाने आणू देणारी तरतूद २०१० च्या विधेयकात होती, २०१२ च्या कायद्यात ती उरली नाही.

इतर देश काय घेतात

अमेरिकेत कस्टमकडे एका कॉपीराइटची नोंद करायला १९० डॉलर लागतात, म्हणजे सुमारे सोळा हजार रुपये. पण ती नोंद वीस वर्षे टिकते आणि नूतनीकरणाला ८० डॉलर पडतात. युरोपीय संघाने २०१३ च्या ६०८ क्रमांकाच्या नियमावलीत अर्जाला शुल्कच ठेवले नाही, आणि एकाच अर्जावर अनेक सदस्य देशांत संरक्षण मिळते. साठवणूक व नाशाचा खर्च मात्र तिथेही हक्कधारकाकडून घेतला जातो. चीन ८०० युआन घेत असे, नोव्हेंबर २०१५ पासून त्याने ते बंद केले. कॅनडातही अर्ज निःशुल्क आहे.

यावरून दोन गोष्टी दिसतात. अर्जाचे शुल्क हे कुठल्याच मोठ्या देशाच्या उत्पन्नाचे साधन नाही. आणि नोंद दीर्घकाळ टिकली, की लहान मालकाला दरवर्षीची धावपळ राहत नाही.

भारतात बौद्धिक संपदेच्या बाकीच्या शाखांत लहान माणसाचा विचार झालेला आहे. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज कंपनीला ९,००० रुपयांना पडतो, तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपयांना. डिझाइनच्या नोंदणीला व्यक्तीला १,००० आणि मोठ्या कंपनीला ४,००० लागतात. पेटंटमध्येही मोठी सवलत आहे. कस्टमच्या नोटिशीत मात्र बहुराष्ट्रीय कंपनी आणि म्हसळ्याची चित्रकर्ती एकाच रांगेत उभ्या आहेत, शुल्कातही आणि बाँडच्या टक्क्यातही.

आपल्याकडे कुणाला याचा उपयोग

मराठी पुस्तकांची चोरी मुख्यतः देशातच होते आणि छपाईही इथेच. तिला पोलीस कारवाई हेच औषध. गाणी आणि चित्रपट इंटरनेटवरून पळवले जातात, त्यांना कुठलाही कस्टम अधिकारी अडवू शकत नाही. बंदरावरची नोटीस उपयोगी पडते ती वस्तूवर उतरलेल्या कलेला: चित्रे, वेष्टने, कापडावरचे नमुने, खेळणी, मूर्ती.

पेणच्या गणेशमूर्तिकारांचेच घ्या. हाताने घडवलेली मूर्ती ही शिल्पकृती, तिच्यावर मूर्तिकाराचा कॉपीराइट आहे. तिच्यावरून साचा करून शेकडो मूर्ती काढल्या, तर कलम १५ चा प्रश्न उभा राहतो. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी पण न नोंदवलेली रचना औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा काढली, की तिचा कॉपीराइट संपतो. शिल्पासारख्या कलाकृती डिझाइनच्या व्याख्येबाहेर आहेत, हा मूर्तिकाराच्या बाजूचा युक्तिवाद. मूळ कृती आणि तिच्यावरून काढलेला कारखानी माल यांतली रेघ कुठे ओढायची, यावर न्यायालयांत बराच खल झाला आहे. म्हणून नोटीस देण्याआधी आपला हक्क कॉपीराइटचा की डिझाइनचा, हे वकिलाकडून नक्की करून घ्यावे. २००७ च्या नियमांच्या वाटेने दोन्हींना शुल्क तेच आहे.

वारली चित्रांचेही तसेच. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, तो परंपरेचा हक्क. एखाद्या कलावंताच्या विशिष्ट चित्रावरचा कॉपीराइट त्याचा स्वतःचा. दोन्हींसाठी नोटीस देता येते, पण दहा-पंधरा हजारांत चित्र विकणाऱ्या कलावंताकडून तीन दिवसांत पावणेतीन लाखांचे तारण मागणे म्हणजे त्याला हक्क कागदावरच ठेवायला सांगणे.

काय व्हायला हवे

पहिले, दोन वाटांची एक वाट करावी. कॉपीराइट कायदा आणि सीमाशुल्क नियम यांतली शुल्के, मुदती आणि न्यायालयाची अट जुळवून एकच नोटीस ठेवावी. तिची नोंद किमान पाच वर्षे टिकावी.

दुसरे, ट्रेडमार्कप्रमाणे व्यक्ती आणि लघुउद्योगांना शुल्कात निम्मी सवलत द्यावी. रक्कम छोटी असली तरी व्यवस्था आपल्यासाठीही आहे, हे लहान माणसाला त्यातून कळेल.

तिसरे आणि सर्वांत गरजेचे, तारणाचा टक्का धोक्यानुसार आणि ऐपतीनुसार ठरवावा. नोंदणी प्रमाणपत्र आहे, मूळ आणि नक्कल उघड जुळतात, मालक व्यक्ती किंवा लघुउद्योग आहे, अशा वेळी वैयक्तिक हमीपत्रावर माल रोखता आला पाहिजे. मुदत तीन दिवसांवरून दहा कामकाजी दिवसांवर न्यावी. आयातदाराचे हित सांभाळायला नंतरच्या भरपाईची तरतूद आहेच.

चौथे, सामूहिक बाँड. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत काम करते. चित्रकार, मूर्तिकार आणि प्रकाशकांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांच्या वतीने एकच कायम बाँड करून ठेवावा आणि कस्टमने तो स्वीकारावा. एका माणसाला न पेलणारी रक्कम शंभर जणांत सहज पेलते.

पाचवे, नकली ठरलेला माल नष्ट करण्याचा खर्च आयातदाराकडून वसूल करावा. चोरीचा माल आणणारा सुटावा आणि ज्याची चोरी झाली त्याने तो जाळण्याचे पैसे भरावेत, याला न्याय म्हणता येणार नाही.

आणि तोवर हक्कधारकांनी हात बांधून बसू नये. आपल्या कृतीची नोंदणी करून घ्यावी, मूळ फायली आणि तारखा जपून ठेवाव्यात. कस्टम स्वतःहूनही संशयित माल थांबवू शकते, मात्र त्यानंतर पाच दिवसांत मालकाने नोटीस द्यावी लागते. म्हणून कागद आधीच तयार असले पाहिजेत. अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राने या प्रक्रियेची मराठी माहितीपुस्तिका काढून ती तालुक्यातालुक्यांत पोचवावी.

तारणाने तक्रारदार मागे हटू नये, असे वचन भारताने तीस वर्षांपूर्वी करारावर सही करून दिले आहे. देशात येणाऱ्या परदेशी मालाचा मोठा भाग रायगडच्या किनाऱ्यावर उतरतो. त्या किनाऱ्यावरच्या कलावंताला आपले चित्र तिथेच वाचवता आले पाहिजे, आणि त्यासाठी दोन हजारांहून जास्त रक्कम आधी मोजावी लागू नये.